गारव्याची हिशेबपट्टी

धुळ्याची बस जळगावच्या स्टँडात शिरते, दार उघडतं, आणि नाना उतरायच्या आधी त्यांचा प्रश्न उतरतो. "बिल कितलं उनं रे?"

तब्येत कशी, पोरांच्या परीक्षा झाल्या का, कोण वारलं, कोणाचं जमलं, हे सगळं नंतर. पारोळा-एरंडोलमार्गे नव्वदेक किलोमीटर उन्हातून आलेल्या माणसानं आधी पाणी मागावं. नाना आकडा मागतात. मी आकडा सांगितला की ते डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि रिक्षा घराशी थांबेपर्यंत माझ्या घराची कुंडली मांडून मोकळे होतात. दुपारचा एसी लागतो. गिझर कोणीतरी विसरतं. फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय. घरी जाऊन पाहावं तर रबर खरंच गेलेलं असतं.

वीज वाचवणारी माणसं आधीही होती. आमचे आजोबा खोलीतून कोणी बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा मालवायचे, कधी कधी आत माणूस असतानाही. पण त्या पिढीचं लक्ष बटणावर असायचं. नानांचं लक्ष दरावर. बटण चालू आहे की बंद, हे त्यांच्या दृष्टीनं किरकोळ; कितव्या युनिटाला चालू आहे, यावर सगळं. ही जात नवी आहे आणि विजेचे भाव हलायला लागल्यापासून वाढतेच आहे. आमच्या गल्लीतच तीन आहेत. पण त्या तिघांना मी नानांचे शागीर्द मानतो.

नाना धुळ्याच्या बाजार समितीत एका आडत दुकानावर मुनीम होते. आयुष्यभर त्यांनी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या लिहिल्या. वर मालाचा भाव, खाली हमाली, तोलाई, मापाई, आणि सगळ्या वजाबाक्या झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात उरणारी रक्कम, जी वाचताना तो नेहमी कागद उलटा धरल्यासारखा चेहरा करायचा. त्यामुळे वीजबिल समजायला नानांना कोणाची गरज पडली नाही. तुम्ही-आम्ही बिलाची शेवटची ओळ वाचतो, तारीख बघतो आणि चरफडतो. नाना वरून खाली वाचतात. स्थिर आकार म्हणजे गाळ्याचं भाडं, माल येवो न येवो. वहन आकार म्हणजे उघड उघड हमाली. वीज शुल्क १६ टक्के, म्हणजे सरकारचा सेस. आणि इंधन समायोजन आकार? तिथे नाना बोट टेकवून थांबतात. "हा कडता. सौदा झाल्यावर मागून लावतात. कोळसा महागला की आपल्या पोत्यातून मूठ काढायची." दीपनगरच्या वीजकेंद्राच्या भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा आणि धुळ्याच्या देवपुरातल्या नानांच्या पंख्याचा संबंध इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता.

इथे एक खूण सांगून ठेवतो. नाना हिशेबाचं बोलतात तेव्हा शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलतात. राग आणि माया अहिराणीत. त्यामुळे भाषेवरून कळतं की समोर मुनीम बसलाय की काका.

एसी त्यांच्या घरात आला तो त्यांच्या मर्जीविरुद्ध. तोवर लोखंडी कूलर होता, आणि कूलरवर नानांची निष्ठा होती. दर मार्चात गवत बदलायचं, पंपाचा गाळ काढायचा, पत्र्याला रंग मारायचा. खर्च कमी आणि खानदेशच्या कोरड्या उन्हात काम चोख. पण जूनमध्ये ढग आले, हवा ओली झाली की तोच कूलर खोलीत दमट उसासे टाकू लागतो, आणि शिवाय रोज त्याला बादल्यांनी पाणी पाजायचं. नळ रोज येत नाही, कूलरला मात्र रोज तहान. ताई, म्हणजे नानांची मुलगी, लीड्सला असते. ती बाळाला घेऊन ऐन मेमध्ये येणार म्हटल्यावर जावईबापूंनी तिकडूनच पैसे भरले आणि दीड टनाचा एसी दारात आला.

"दीड टन कुणाचं वजन?" नानांनी बसवणाऱ्या पोराला विचारलं. तो दोन हातांनी आतलं यंत्र उचलून उभा होता. त्याला सांगता येईना. मग मी सांगितलं की हे माप बर्फाच्या काळातलं आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून ओढून काढायची ताकद म्हणजे एक टन. नानांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. बर्फाच्या लादीला भाव असतो.

पण खरी ओळख झाली ती पुढच्या वाक्यानं. मी म्हटलं, "नाना, हा गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. एका युनिटाच्या विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता वाहतो."

नाना उठून उभे राहिले. भिंतीवरच्या यंत्राकडे बघत म्हणाले, "हाऊ ते हमाल शे!"

त्या दिवसापासून एसीचं नाव हमाल. आणि हमाल म्हटल्यावर नानांना त्याच्याबद्दल सगळं आपोआप कळत गेलं. हमाली वजनावर ठरते आणि जिन्यावर. एसीची कारखान्यातली परीक्षा बाहेर ३५ अंश धरून घेतात. आमच्याकडे मेमध्ये बाहेर ४५ असतं. म्हणजे पाटीवर लिहिलंय एका मजल्याचं काम आणि करून घ्यायचंय दोन मजल्यांचं. हमाल तोच, धापा जास्त, खेपा कमी, मजुरी चढी. नव्या एसीत चालू करताच २४ अंश लागलेले असतात, हा सरकारी नियम २०२० सालापासूनचा. त्याच्या खाली ओढलेला प्रत्येक अंश सुमारे सहा टक्के वीज जास्त खातो. माझ्या मुलानं एकदा १८ लावले, तेव्हा नानांनी रिमोट काढून घेतला आणि मुनिमी आवाजात विचारलं, "पोतं गच्चीवर चढवायचंय का तुला? आपल्याला माळ्यावर हवंय." तेव्हापासून रिमोट तांदळाच्या डब्यात असतो. तांदळात का, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

एसी चालू करायचे नियम नानांनी काळी-पिवळीवरून घेतले. काळी-पिवळी जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही, तसा नानांचा एसीही नाही. चार माणसं खोलीत असली पाहिजेत. तीन असली तर एकाला शेजारून बोलावतात. अशा रीतीनं शेजारचे निवृत्त गुरुजी दोन उन्हाळे नानांच्या खोलीत गार झाले आणि त्यांचं स्वतःचं बिल निम्म्यावर आलं. हे नानांच्या लक्षात आलं तेव्हा उन्हाळा संपला होता.

पण हे सगळं किरकोळ. मुख्य गोष्ट तीनशेची.

महावितरणच्या घरगुती दराला पायऱ्या आहेत: पहिले शंभर युनिट, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग पुढचं. नानांनी यातली तीनशेची पायरी पकडली होती. कितीही उकाडा असो, त्या महिन्याचे तीनशे युनिट होत आले की घर थांबायचं. मीटरशेजारच्या भिंतीवर खडूनं रोजचे आकडे लिहिलेले. मतमोजणीच्या दिवशी लोक जसे फेरीगणिक आकडे सांगतात, तसे नाना जेवताना आकडे सांगायचे. रीडिंग घेणारा मुलगा ज्या तारखेला येतो तिच्या आधीचे चार दिवस म्हणजे घरात सुतक.

मे २०२४ चा शेवटचा आठवडा. आमच्याकडे जळगावात जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे १४४ कलम लावलं होतं. भर दुपारी मजुरांना उन्हात राबवायचं नाही, शिकवण्या दहा ते पाच बंद. "कलम उन्हाला लावलं का माणसाला?" असं नानांनी फोनवर विचारलं होतं. शिकवण्या बंद म्हणून मी पोरांना घेऊन धुळ्याला गेलो. धुळ्यात काही हिमालय नव्हता, पण भरीत-भाकरी होती आणि हमाल होता.

रात्री अकराला भिंतीवर २९९ चा आकडा पडला. नानांनी तांदळाचा डबा बंद केला.

आम्ही गच्चीवर गेलो. चादरी भिजवल्या, त्या पाच मिनिटांत पापडासारख्या वाळल्या. गच्चीच्या फरशीनं दिवसभर जे कमावलं होतं ते ती आता आमच्या पाठींना परत करत होती. पोरं कुरकुरली, मग रडली, मग खाली पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसली. काकू काही बोलल्या नाहीत. त्या पदरानं वारा घेत लळिंगच्या दिशेनं बघत होत्या.

मला झोप येईना, तेव्हा मी मागचं बिल घेतलं आणि मोबाइलच्या उजेडात हिशेब मांडला. त्या वर्षी १०१ ते ३०० या पायरीला युनिटामागे १० रुपये २९ पैसे होते. ३०१ पासून १४ रुपये ५५ पैसे. वहन आकार दोन्हीकडे सारखाच. फरक ४ रुपये २६ पैसे, वर शुल्क धरून पाच रुपयांच्या आत.

"नाना," मी म्हटलं, "तीनशे ओलांडले तर दर फक्त पुढच्या युनिटांचा वाढतो. मागचे तीनशे जुन्याच दरानं राहतात."

नाना उठून बसले. "नाही. नाका ओलांडला की अख्खा ट्रक."

तेव्हा मला उलगडलं. नानांच्या डोक्यात जकात नाका होता. पूर्वी शहराच्या हद्दीवर माल अडवायचे आणि पावती फाटायची ती अख्ख्या ट्रकची. हद्दीबाहेर चार हात उभा राहिलेला ट्रक सुटायचा. नाना इतकी वर्षं तीनशेच्या नाक्याबाहेर ट्रक उभा करून रात्र काढत होते. पण इथे नाका नव्हता, जिना होता. वरच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून खालच्या पायऱ्यांचं भाडं वाढत नाही.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, स्वतः बेरीज केली, पुन्हा केली. मुनिमाला बेरीज अमान्य करता येत नाही. रात्रभर एसी चालला असता तर आठ-दहा युनिट. जास्तीचे पन्नास रुपये. गेली कित्येक वर्षं, दर मे महिन्यातल्या चार-पाच रात्री.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "एका युनिटाला पाच रुप्यासाठे?"

काकू उठल्या. कमरेच्या पिशवीतून पाच रुपयांचं नाणं काढलं, नानांच्या तळहातावर ठेवलं, आणि काही न बोलता जिना उतरून गेल्या. खालून तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग बीप वाजलं.

ताईच्या घरचा हमाल मात्र उलटा आहे. २०२२ च्या हिवाळ्यात तिनं व्हिडिओवर नवं घर दाखवलं. मागच्या अंगणात पंख्याचा पांढरा डबा. नाना म्हणाले, "तिथे एसी? कोणाला उकडतंय?" जावईबापूंनी सांगितलं की हे यंत्र तेच, फक्त फिरवून लावलेलं, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतं. त्याला हीट पंप म्हणतात. गॅसचा बॉयलर काढून हे बसवायला तिथलं सरकार हजारो पौंडांची मदत देतं.

"बाहेर किती आहे?"

"पाच अंश."

"पाच अंशात ऊब कुठे असते, बापू? आमच्याकडे जानेवारीत पाच अंश होतात तेव्हा लोक शेकोटीला टायर घालतात."

जावई म्हणाले, पाच अंशांच्या हवेतही उष्णता असते, नळीतला द्रव तिच्याहून गार असला की ती त्यात शिरते. नाना थोडा वेळ गप्प. मग स्वतःशीच म्हणाले, "सरकीतूनही तेल निघतंच की." धुळ्याच्या कापसाच्या बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला याहून जास्त समजवायची गरज नव्हती.

मग अर्थात भाव. युक्रेनच्या युद्धानं तिकडे गॅस भडकला होता आणि गॅसवर चालणारी वीजकेंद्रं भाव ठरवतात म्हणून वीजही. "कापूस चढला की सरकी चढणारच," नाना. त्या ऑक्टोबरपासून सरकारनं दर बांधून दिले होते: वीज युनिटाला ३४ पेन्स, गॅस १०.३. नानांनी पेन्सिल काढली. लीड्समध्ये रात्र व्हायला लागली, बाळ झोपलं, तरी पेन्सिल चालू.

"तुमचा हमाल एका युनिटात तीन युनिट ऊब आणतो?"

"हो, साधारण तीन."

"मग ऊब पडली सव्वाअकरा पेन्सला. आणि बॉयलर शंभरातले दहा धुराड्यातून घालवतो ना? मग गॅसची ऊब पडली साडेअकराला." नानांनी चष्मा काढला. "बरोबरीत सुटलात, बापू. हमाल तगडा राहिला तर तुमचा फायदा. थंडीनं गारठून अडीचच उचलायला लागला तर गॅस बरा होता."

जावईबापू अभियंते आहेत. त्यांनी हेच गणित तीन आठवडे तक्त्यांवर तक्ते मांडून केलं होतं आणि तेवढ्यालाच पोचले होते. त्या रात्रीपासून सासरे-जावई एक झाले. तिकडचे दर तीन महिन्यांनी बदलतात. जळगावात लोक सकाळी सोन्याचा भाव विचारतात तसा नाना दर तिमाहीला लीड्सचा भाव विचारतात. जावयांनी रेडिएटरमधल्या पाण्याचं तापमान ५५ वरून ४५ वर आणलं, कारण नानांचा निरोप गेला होता: पोतं माळ्यावरच ठेवा. मग त्यांनी रात्री स्वस्त वीज मिळणारी योजना घेतली, आणि आता तिकडे पहाटे तीनला कपडे धुतले जातात, पाणी तापतं. ताई म्हणते, लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं बाप धुळ्यातच राहिला.

धुळ्यातला बाप तोवर छपरावर पोचला होता. घरगुती सौर योजनेत तीन किलोवॅटला केंद्र सरकार ७८ हजार रुपये अनुदान देतं, हे कळल्यावर नानांनी जन्मात पहिल्यांदा कर्जाचा अर्ज भरला. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे बारा युनिट दिवसाचे, महिन्याचे साडेतीनशेच्या आसपास. तीनशेचा जिना जागच्या जागी राहिला आणि नाना गच्चीवरून त्याच्याकडे खाली बघू लागले. सकाळी सहाला ते जुन्या धोतरानं काचा पुसतात. मेमध्ये उत्पादन त्यांना वाटलं होतं तितकं वाढलं नाही, कारण काच तापली की वीज कमी निघते, हे ऐकून ते आकाशाकडे बघून म्हणाले, "ऊन दुप्पट आणि माल कमी? असं कूळ मी पाहिलं नाही."

१ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या विजेवर सवलत लागू झाली. गुरुजी खूश होऊन सांगायला आले. नाना मात्र नाराज. "दिवसाची वीज स्वस्त का झाली? साक्रीला सौर, इकडे सौर, तिकडे सौर, माझ्या डोक्यावर सौर. सगळ्यांच्या शेतात एकदम टमाटे आले की काय होतं?" लीड्सला रात्री स्वस्त, आपल्याकडे दुपारी स्वस्त; जावई पहाटेला ऊब उचलतो, सासऱ्यानं दुपारी उष्णता टाकायची. दोन्हीकडे एकच हमाल, फक्त पाळी बदललेली.

सौरचा नवा आजार मला गेल्या मार्चात कळला. हिवाळ्यात नानांचं घर महिन्याला नव्वद युनिटही जाळत नाही. उरलेले वीज कंपनीकडे जमा होत राहतात, पुढे वापरता येतात. पण वर्षाचा हिशेब मार्चअखेर. तोवर न वापरलेले युनिट कंपनी पडत्या दरानं घेऊन टाकते. मुनीम म्हणून ज्यांनी उभं आयुष्य शेतकऱ्याला पडत्या भावानं माल टाकताना पाहिलं, त्यांच्यावर आता तीच पाळी.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला, "पोरांना घेऊन ये." मला वाटलं तब्येत. धुळ्याला पोचलो तर खोलीचं दार बंद, खिडक्यांना जाड पडदे, आणि आत गुरुजी, गुरुजींची सून, दोन नातवंडं, समोरचा शिंपी आणि एक अनोळखी माणूस, जो बहुधा कुरिअर द्यायला आला होता. सगळ्यांच्या अंगावर काही ना काही पांघरलेलं. भिंतीवर १८ चा आकडा. काकूंनी कानटोपी घातली होती. दुसऱ्या खोलीत गिझर चालू होता, इस्त्री चालू होती, आणि इस्त्रीखाली कपडा नव्हता.

इतक्यात लीड्सचा व्हिडिओ आला. जावईबापू बनियनवर बसलेले. तिकडे रात्रीची स्वस्त वीज सुरू झाली होती. इकडे नाना मफलर गुंडाळून.

"नाना, धुळ्याला इतकी थंडी पडली?" ताई घाबरून म्हणाली.

"नही व," नाना मफलर आवळत म्हणाले. "मार्च सरी राह्यना."

मग माझ्याकडे वळून मुनिमी आवाजात, "अजून एकशे चाळीस आहेत. दार लावून घे."